बियाण्याची मुडी

मदत वाटायला आलेल्या मॅडमनी चपलेच्या टोकानं मुडी ढकलली आणि विचारलं, "यात काय आहे?"

मुडी म्हणजे पेंढ्याचा गोल, घट्ट गठ्ठा. आत भात भरायचं आणि पेंढ्याच्याच दोरानं आवळून बांधायचं. भात म्हणजे सालासकटचा दाणा, ताटात वाढतात तो नव्हे. एवढं सगळं सांगत बसते, कारण त्या दिवशी ते कुणी आईला सांगू दिलं नाही.

धान्याला पाय लागला होता. आमच्याकडे सुपातला दाणा चुकून पायाखाली आला तरी माणूस आधी वाकतो. आई वाकली. मुडीला हात लावून तिनं तो कपाळाला लावला. मॅडमना वाटलं, ही आपल्या पाया पडतेय. त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "अहो, पाया नका पडू. खरं काय ते सांगा."

मी नववीत होते. आईच्या शेजारी रांगेत उभी होते, हातात रिकामं ताट. ते ताट भिरकावून द्यावं असं वाटलं मला. माझं डोकं लहानपणापासून तापटच. पण पोटात सकाळपासून काही नव्हतं, आणि भुकेल्या माणसाचा राग पायांतच जिरतो.

ते पेणमधलं मंगल कार्यालय होतं. आम्ही सगळं गाव तिथे येऊन पडलो होतो. स्टेजवर आदल्या लग्नातली थर्माकोलची अक्षरं तशीच होती, वधूचं अर्धं नाव गळून पडलेलं. त्याच्याखाली पाण्याच्या बाटल्यांचे खोके, बिस्किटं, चादरी, आणि जुन्या कपड्यांचा ढीग. ढिगातून मला एक फ्रॉक मिळाला होता. वाढदिवसाचा असावा, झालरीवाला. नववीतल्या मुलीला. तो घालून मी रांगेत उभी होते.

आमचं गाव धरमतरच्या खाडीकाठी. नाव सांगून उपयोग नाही. आता तिथे फक्त हिरवं दिसतं. खाडी आणि आमची शेतं यांच्यामध्ये मातीचा बांध होता. मोठं उधाण आलं की बांधाला कुठेतरी भगदाड पडायचं, त्याला आम्ही खांड म्हणतो. खांड गेली अशी आरोळी आली की घरटी एक माणूस घमेलं घेऊन धावलाच पाहिजे. कुणाचं भांडण असो, कुणाकडे सुतक असो, तिथे सगळे एका चिखलात. बांध गेला की गाव गेलं, हे पाळण्यातल्या पोरालासुद्धा ठाऊक.

त्या वर्षी मृगाच्या तोंडावर वादळ आलं आणि उधाण त्याच्यावर चढून आलं. एक खांड बुजवतात तोवर दुसरी. शेवटी बांध असा फुटला की घमेल्यांचं काम राहिलं नाही. खारं पाणी शेतातून वळलं, अंगणात आलं, चुलीत शिरलं. सरकारी माणसं होड्या घेऊन आली आणि म्हणाली, निघा, आहात तसे निघा. लोकांनी मिळेल ते उचललं. कुणी टीव्ही, कुणी देव, कुणी कोंबडी. शेजारच्या काकांनी घाईघाईत नुसती भिंतीवरची घड्याळं उचलली, दोन्ही बंद पडलेली. नंतर कितीतरी दिवस त्यांना लोकांनी वेळ विचारला.

माझी आई माळ्यावर चढली आणि तिनं मुडी खाली काढली. बाबा ओरडत होते, कागद घे, भांडी घे, पोरीची पुस्तकं घे. तिनं ऐकलं नाही. कमरेएवढ्या पाण्यातून डोक्यावर मुडी घेऊन ती होडीपर्यंत गेली. रेशनकार्ड वाहून गेलं. तिच्या लग्नातली ट्रंक गेली. माझी पुस्तकं गेली. होडीत बायका तिला हसल्या. मग एकेक गप्प झाली. कारण एकेकीच्या ध्यानात आलं की आपलं बियाणं खालीच राहिलं आणि खाऱ्या पाण्यात भिजलं.

ते राता भात होतं. लाल दाणा. आमची जमीन खारी, तिच्यात दुसरं काही तग धरत नाही. पाऊस पडला की वरचा खार धुऊन जातो, तेवढ्यात मोड आणलेलं राता चिखलात फेकायचं. त्याचे दिवस ठरलेले असतात. ते हुकले की वर्ष हुकलं. आणि आमच्याकडे रीत होती की ज्याचं बी गेलं त्याला ज्याचं आहे त्यानं द्यायचं. बी मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. पीक आलं की तो परत करतो. तेव्हा ती मुडी आमच्या घराची नव्हतीच. होडी पेणच्या बाजूला लागेपर्यंत आईनं ती अख्ख्या गावाला मनातल्या मनात वाटूनही टाकली होती. कुणाला ओंजळ, कुणाला पायली. थोडंथोडं पेरू, पुढच्या वर्षी वाढेल. एवढ्याशा बियाण्यावर आमचं परत जाणं टांगलेलं होतं.

आता परत त्या रांगेत या.

आई म्हणाली, "बियानं हाय त्ये."

मॅडमनी मुडीचा पेंढा फाकवून आत बोट घातलं. दाणे हातावर घेतले. आणि मोठ्यानं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तुमच्याकडे एवढं धान्य आहे आणि तुम्ही रांगेत हात पसरून उभ्या आहात? इथे लहान मुलं उपाशी आहेत. लाज वाटत नाही?"

माझी आई. जिनं आयुष्यात कुणाकडे मीठसुद्धा उसनं मागितलं नाही, ती. मिठाच्या खाडीकाठी राहून मीठ काय मागायचं म्हणा. तिनं पदर तोंडाला लावला. ती रडत नव्हती. तिला बोलायचंच होतं, पण एवढ्या लोकांसमोर बाईनं काय आणि कसं बोलायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मॅडम वाईट नव्हत्या. हे मला आज कळतं आणि त्यामुळे जास्त लागतं. त्या मुंबईहून आल्या होत्या, दोन रात्री झोपल्या नव्हत्या, घसा बसला होता. आजारी म्हातारीला त्यांनी स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. त्यांचा नियम होता, ज्याच्याकडे जे धान्य असेल ते सगळ्यांच्या चुलीत. सगळ्यांना समान. नियम ऐकायला किती छान वाटतो. आई पुन्हा म्हणाली की पेरायचं आहे. त्या म्हणाल्या, बियाणं सरकार देईल हो, आधी जगायचं बघा.

त्यांना माहीत नव्हतं, हे मी मान्य करते. पण त्यांच्या बाजूला शेठ उभा होता. आमच्याच भागातला, खाडीकाठचा. ट्रक त्याचे, कार्यालय त्याच्या ओळखीनं मिळालेलं, मदत कुणाला किती हे तोच बोट करून सांगायचा. त्याच्या बापानं बांधावर आयुष्य काढलं होतं. मुडी म्हणजे काय, राता म्हणजे काय, मृगाच्या तोंडावर ती मुडी फोडली तर काय होतं, हे त्याला आईइतकंच ठाऊक होतं. मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. तो एक शब्द बोलला असता तर पुरलं असतं. तो फोनमध्ये बघत राहिला.

तेव्हा आई मुडीवर बसली.

नुसती बसली. शिव्या नाहीत, शाप नाहीत. दोन पाय पोटाशी घेऊन बसली. रांग थांबली. वाटप करणारी दोन पोरं मुडी उचलायला आली होती, ती घुटमळली. बाईच्या अंगाला हात कसा लावायचा. मला वाटलं, झालं, आता कुणी नेत नाही. माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू. झालरीच्या फ्रॉकमध्ये फुगली.

मग शेठ जवळ आला. खाली वाकला. फार गोड आवाजात बोलला, आम्हा दोघींनाच ऐकू जाईल एवढ्याच. "वयनी, उठा. तुमच्या एकीच्या हट्टापायी सगल्या गावाचं नाव खराब होईल. ह्या बाई उद्या ट्रक परत नेतील. मग पोरांना काय घालाल?"

आईनं रांगेकडे बघितलं. रांगेत सगळं गाव होतं. कडेवरची पोरं होती. कुणी तिच्या नजरेला नजर दिली नाही. मी त्यांना दोष देत नाही, पोट कुणाला चुकलंय. आई जमिनीला हात टेकून उठली.

मुडी बाजारातल्या गिरणीत गेली. संध्याकाळी पंगत बसली. बादली घेऊन पोरगा वाढत आला आणि ताटात लाल भात पडला. पंगतीत आवाज होता तो थांबला. ज्याला त्याला कळलं. राता शिजला की त्याचा वास येतो, तो आमच्या प्रत्येक घराचा वास होता. घड्याळवाल्या काकांनी ताट सरकवलं आणि तोंड फिरवलं. मॅडमनी बसक्या आवाजात सांगितलं, "तुमच्याकडचाच तांदूळ आहे, पोटभर जेवा." त्यांना खरंच आनंद झाला होता. त्यांनी फोटोही काढला. त्या फोटोत मी आहे, असं नंतर कुणीतरी सांगितलं.

मी ताटाला हात लावला नाही. आई म्हणाली, "खा गो. अन्नावर राग काढू नको. रुजायचं व्हतं, पोटात तरी जाऊ दे."

मी खाल्लं. आईनं एक शीत उचलून कपाळाला लावलं आणि ताट शेजारच्या पोराला दिलं.

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही, घडायला लागला. पाऊस पडला. बाप्या माणसांनी जाऊन बांबू, पेंढा, चिखल घालून खांडी बुजवल्या, हातांची सालं गेली. पण पेरायला काय? बाबा गडब, डोलवीपर्यंत फिरले. कुणाचं भिजलं होतं, कुणी कंपनीत लागल्यापासून शेत केलंच नव्हतं. सरकारी बियाणं आलं, चांगल्या जमिनीतलं. रुजलं, हिरवं झालं, मग पिवळं झालं आणि गेलं. शेतात पीक नाही, तर बांधावर राखणीला कोण जाणार? पुढच्या उधाणाला खांड गेली तेव्हा घमेली घेऊन धावायला निम्मी घरंसुद्धा उरली नव्हती. जो तो पोटामागे गेला होता. पाणी आत आलं ते आलंच. पाण्याबरोबर तिवराच्या, म्हणजे खारफुटीच्या, शेंगा आल्या आणि शेतात रुजल्या. आमचं बी रुजलं नाही, ते रुजलं. तिवर वाढलं की जमिनीला हात लावायचा नाही, असा कायदा दाखवतात. शाळेत मीच निबंध लिहिला होता, झाडे लावा म्हणून. बांध बघायला साहेब आले ते त्यानंतर. बैल गेला आणि झोपा केला.

शेठही आला. जमिनी मागायला. काय उरलंय आता तिथे, म्हणाला, येईल ते पदरात पाडून घ्या. बहुतेकांनी दिल्या. आई नाही म्हणाली. आमचा तुकडा अजून आमच्या नावावर आहे. त्याच्यात खेकडे राहतात.

आम्ही रोह्याला आलो. बाबा कंपनीत ठेकेदाराकडे लागले, भाड्याची खोली घेतली. आई बाजारात सुकी मासळी विकायला बसते. गिऱ्हाइकानं घासाघीस केली की ती काही बोलत नाही, नुसती बघते, आणि गिऱ्हाईक गुपचूप घेऊन जातं. ती त्या संध्याकाळबद्दल कधी बोलली नाही. पण तिनं पुन्हा घरात लाल भात शिजवला नाही. मिळतो बाजारात, महाग. कुणी म्हणतं, तब्येतीला चांगला असतो.

मी बारावी झाले आणि एका संस्थेत लागले. संस्था मॅडमची नव्हे, दुसरी होती, पण काम तेच. पूर, दरड, आग, कुठे काय झालं की जायचं. मला वाटायचं, मी हे काम आत राहून बदलेन. असं वाटायचं खरं. मदत घेणाऱ्यांशी मी नीट बोलायचे, ताटं हातात द्यायचे, फोटोला नको म्हणायचे. तेवढ्यावर माझं समाधान होतं.

गेल्या पावसाळ्यात रोह्याच्या पुढे एका कातकरी वाडीवरच्या डोंगराला भेग पडली. वाडी रिकामी केली. माणसं एका शाळेत आणून ठेवली. घरं कुडाची, पण पिढ्यान्‌पिढ्यांची, आणि घराखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर. लोक खाली आले त्या आठवड्यात मालकानं वर जायच्या वाटेवर तारेचं कुंपण घालायला घेतलं. हे आम्हाला वाडीतल्या बायकांनी सांगितलं. एक म्हातारी आल्या-गेल्याला एकच विचारायची, "आमी परत कवा जानार?" आमच्या संस्थेचे सर तिला सांगायचे, आजी, आधी जेवा, आराम करा. सर चांगले. चांगल्या माणसांनी मला आयुष्यभर छळलंय.

मग संस्थेच्या वरच्या ऑफिसातून निरोप आला की काही लोकांकडे आधीच धान्य आहे, दोन-दोन ठिकाणची मदत घेतात, सामान तपासा. सरांनी मला हाक मारली. म्हातारीच्या उशाला एक बोचकं होतं, जुन्या लुगड्याचं, गच्च गाठ मारलेलं. ती ते सोडून लघवीलासुद्धा जात नव्हती. सर म्हणाले, "तू बाई आहेस, तू उघड. आपल्याला सगळ्यांना समान द्यायचंय."

सगळ्यांना समान. एवढ्या वर्षांनी तेच शब्द, तसेच. माझ्या नाकात तो लाल भाताचा वास आला. खोटं नाही सांगत. मला रडू फुटलं, सगळ्यांसमोर, नोकरीच्या कपड्यांत.

म्हातारीनं बोचक्यावर हात ठेवला. माझ्या आईसारखीच, लोकांसमोर काय बोलायचं हे तिलाही कुणी शिकवलं नव्हतं.

मी म्हणाले, "नाय उघडनार, सर."

नोकरीत मी नेहमी शुद्ध बोलायचे. त्या दिवशी आईचीच बोली तोंडात आली. सरांनी कारण विचारलं. मी म्हणाले, ते तिचं आहे. ते म्हणाले, हा नियम आहे. मी म्हणाले, नियम मला तुमच्याआधीपासून माहीत आहे, मी तो खाल्लाय. त्यांना काही कळलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं असतं, पण का सांगायचं? माझ्या आईची कहाणी ऐकल्याशिवाय दुसऱ्या बाईचं बोचकं बंद ठेवता येत नसेल, तर त्या मदतीत काय अर्थ आहे?

मी खाली बसले. बोचक्याच्या आणि सरांच्या मधोमध, मांडी घालून.

म्हातारी हळूच म्हणाली, "बाय, तुजं काम जाईल."

गेलं. महिना संपायच्या आत गेलं. शिस्तीत बसत नाही म्हणे. पण बोचकं उघडलं नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. ती सुक्या बोंबलांची जुडी बांधत होती. सगळं ऐकलं आणि विचारलं, "काय व्हतं गो त्याच्यात?"

"नाय विचारलं."

तिनं जुडी बांधून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "बरं केलंस," आणि उठून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला, जेवण तर केव्हाच झालं होतं. मला आत जाऊन तिला मिठी मारायची होती. आमच्यात तशी सवय नाही. मी बाहेरच बसून राहिले.

त्या बोचक्यात काय होतं ते मला आजही माहीत नाही. बियाणं असेल, देव असेल, चिंध्या असतील. ते माझ्या कामाचं नाही. माझ्या कामाचा तिचा प्रश्न आहे, आमी परत कवा जानार. तोच आमच्या आईचा होता. आम्हाला चादरी मिळाल्या, बिस्किटं मिळाली, फ्रॉक मिळाला. परत कधी जायचंय आणि त्याला काय लागेल, हे एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर आईनं मुडीवर हात ठेवला असता.

आता मी वाटप करत नाही. सकाळी आईबरोबर बाजारात बसते आणि दुपारी शाळेत जाते, वाडीतल्या माणसांकडे. डोंगर धोक्याचा असेल तर खाली सुरक्षित जागा द्या आणि ती त्यांच्या नावावर करा. नसेल तर कुंपण काढा. मागणी एवढीच आहे, ती त्यांची आहे आणि ती तेच बोलणार. म्हातारी रोज घोकते. पहिल्यांदा तिचा आवाज घशातच अडकायचा. आता शाळेच्या मैदानापर्यंत ऐकू जातो.

आमची जमीन गेली. राताही गेलं. माझ्या आईचं त्या दिवशी जे गेलं ते मला कुठल्याच बाजारात मिळणार नाही आणि हे दुःख माझ्याबरोबरच सरणावर जाईल. तेवढ्यासाठी मला कुणाची कणव नको.

सोमवारी वाडीतल्या बायका प्रांत ऑफिसच्या दारात बसणार आहेत. म्हातारी बोचकं घेऊन येणार आहे. मी तिच्या शेजारी असेन. कुणीतरी गोड आवाजाचा माणूस येईल, खाली वाकेल आणि म्हणेल, उठा, तुमच्या हट्टापायी बाकीच्यांचं नुकसान होईल. तो येणारच, मला त्याचा आवाज पाठ आहे.

माझी आई उठली होती. मी उठणार नाही.